कॅथलिक लोकांच्या 'मिरॅक्युलस मेडल'वर नेमकं काय काय असतं? आणि त्यामागची गोष्ट काय? (हुपरीतून विचारतोय)

चांदीकाम_हुपरी
नमस्कार मंडळी. आमचं चांदीचं काम हाय हुपरीत, मुख्य माल पैंजण आणि जोडवी, ऑर्डर आली तर देवाचे टाकपण करतो. परवा कोल्हापुरातनं एक बाई आल्या, ख्रिश्चन हायत, त्यांनी गळ्यातलं ॲल्युमिनियमचं लंबगोल मेडल काढून दिलं, अंगठ्याच्या नखाएवढं असंल, आणि म्हणाल्या अगदी असंच चांदीत करून द्या, लेकीच्या लग्नात घालायचं हाय. आता प्रॉब्लेम असा की ते इतकं झिजलंय की भिंगाखाली धरून पण निम्मं दिसत न्हाई. पुढं एक बाई उभी हाय, हात खाली सोडलेत, हातातनं रेघा निघाल्यात, पायाखाली काहीतरी गोल आणि वळवळतं, कडेनं इंग्लिश अक्षरं, त्यातलं 'कन्सीव्हड विदाउट सिन' एवढंच लागलं. मागं एक एम आणि त्याच्यावर क्रॉस, खाली दोन बदामासारखं काहीतरी. मी त्यांना विचारलं ह्याचा अर्थ काय तर म्हणाल्या आमची आई घालायची, पॅरिसला मरियामातेनं दर्शन दिलं त्यातलं हाय, एवढंच ठाऊक.

डाय कोरायची म्हणजे प्रत्येक रेघ कशाची हाय ते कळल्याशिवाय हात चालत न्हाई ओ. टाक करताना खंडोबाच्या हातात काय आणि भैरोबाच्या हातात काय ते आम्हाला पाठ असतंय, हितं काहीच म्हायती न्हाई. नेटवर फोटो बघितले तर प्रत्येक फोटोत काहीतरी वेगळंच, एकात तारे हायत एकात न्हाईत. कुणी नीट सांगंल काय? आणि गोष्टपण सांगा, नुसती नक्षी नको.

आजरेकर_मावशी
दादा छान प्रश्न विचारलात, आमच्यातले निम्मे लोक गळ्यात घालून फिरतात पण विचारत नाहीत. मी मूळची आजऱ्याची, कॅथलिक, आता बरीच वर्षं कोल्हापुरातच. जेवढं पक्कं माहीत आहे तेवढं सांगते.

गोष्ट १८३० सालची, पॅरिसमधली. रू द बाक नावाच्या रस्त्यावर 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' ह्या सिस्टरांचं मुख्य कॉन्व्हेंट आहे, तिथं कॅथरीन लाबूरे म्हणून २४ वर्षांची शेतकऱ्याघरची मुलगी नुकतीच सिस्टर व्हायला आली होती. ही नऊ वर्षांची असताना आई गेलेली, मोठं घर, गाईगुरं, कोंबड्या-कबुतरं सगळं हिनंच सांभाळलेलं, शाळा जवळजवळ नाहीच. १८ जुलैच्या रात्री साडेअकराच्या सुमाराला एक लहान मूल येऊन तिला उठवतं, चॅपलमध्ये चल म्हणतं, आणि तिथं मरियामाता येऊन फादरांच्या खुर्चीत बसते, ही तिच्या गुडघ्यावर हात ठेवून दोन तास बोलत बसते. ती खुर्ची त्या चॅपलमध्ये अजून ठेवलेली आहे. मला ह्या सगळ्यात हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते, पुढचं मेडलबिडल नंतर, पण आई गेलेली पोर रात्री कुणाच्यातरी मांडीवर हात ठेवून बोलत बसलीय.

मग २७ नोव्हेंबरला संध्याकाळच्या प्रार्थनेत दुसरं दर्शन. त्यातलं तुमचं मेडल. आता नक्षी घ्या. मरियामाता पृथ्वीच्या गोळ्यावर उभी आहे आणि पायाखाली वळवळतंय ते साप, बायबलमध्ये उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात सापाचं डोकं चिरडण्याची गोष्ट आहे, तो. तुमच्या भिंगात डोकं दिसलं नसेल तरी पायाखाली डोकं आलंच पाहिजे. हातातनं निघणाऱ्या रेघा म्हणजे किरण. कॅथरीननं सांगितलं की बोटांत अंगठ्या होत्या, खड्यांतनं उजेड येत होता, आणि काही खडे मात्र विझलेले होते, विचारल्यावर उत्तर आलं की ज्या कृपा कुणी मागतच नाही त्या ह्या. कडेनं जी प्रार्थना आहे तिचा अर्थ असा की पापाशिवाय गर्भात आलेल्या मरिये, तुझ्याकडे धाव घेणाऱ्या आमच्यासाठी विनंती कर. पायाशी बहुतेक १८३० हे सालही असतं, बघा दिसतंय का.

मागच्या बाजूला एम म्हणजे मरिया, त्याच्यातनं आडवी पट्टी गेलीय आणि त्या पट्टीवर क्रूस उभा आहे. खालची बदामं म्हणजे दोन हृदयं, तुमच्याकडून बघताना डावीकडचं येशूचं, त्याच्याभोवती काट्यांचा मुकुट, उजवीकडचं मरियेचं, त्याच्यात तलवार घुसलेली. कडेनं बारा तारे. मागं अक्षरं अजिबात नकोत, कॅथरीनला विचारायला सांगितलं होतं मागं काय लिहायचं म्हणून, तर तिला उत्तर मिळालं की एम आणि दोन हृदयं पुरेसं बोलतात.

शाहूपुरीकर
मी पण ख्रिश्चनच आहे पण आम्ही प्रॉटेस्टंट, आमचं वायल्डर चर्च, आणि कोल्हापुरात आधीपासून मिशनची माणसं म्हणजे आमच्यासारखीच जास्त, त्यामुळे हुपरीकर भाऊ तुम्हाला आजवर हे मेडल दिसलं नसेल ह्यात नवल नाही. मावशींचा मान ठेवून बोलतो, राग मानू नका, पण हे मला कधी पटलेलं नाही. गळ्यात धातूचा तुकडा घातला की कृपा होणार, मग ताईत आणि ह्यात फरक काय राहिला? आणि 'पापाशिवाय गर्भात आलेली' हे बायबलमध्ये कुठंय? येशूचा जन्म कुमारीपासून झाला हे आम्ही पण मानतो, त्यावर वाद नाही.

आजरेकर_मावशी
राग कसला, आमच्या शेजारी तुमच्याच चर्चची माणसं राहतात, ख्रिसमसला करंजी-चकली इकडनं तिकडं जाते. पण एक गल्लत होतेय, ती सगळ्यांचीच होते. 'निष्कलंक गर्भसंभव' म्हणजे येशूचा कुमारीपासून जन्म नव्हे. ते मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली त्याबद्दल आहे, म्हणजे आदमपासून सगळ्यांना चिकटत आलेलं जे मूळ पाप, ते देवानं तिला पहिल्यापासूनच लागू दिलं नाही असं आम्ही मानतो. आईबाप तिला तुमच्याआमच्यासारखेच होते. ताईताबद्दल इतिहासवाल्या माणसानं बोललेलं बरं, मी बोलले की श्रद्धेचंच बोलणार.

जुनी_बखर
मला बोलावल्यासारखंच झालं 😄 मी ना कॅथलिक ना प्रॉटेस्टंट, देवळात जातो ते अंबाबाईला आईसाठी नवरात्रात, पण युरोपचा इतिहास हा माझा नाद आहे त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे काळ बघा. १८ जुलै १८३० ला पहिलं दर्शन आणि २७ ते २९ जुलैला पॅरिसमध्ये क्रांती, रस्त्यारस्त्यात बॅरिकेड, दहावा चार्ल्स राजा पळाला. लोकांचा राग चर्चवरपण होता कारण चर्च राजाच्या बाजूचं, पॅरिसच्या आर्चबिशपचा वाडा लुटला गेला. म्हणजे ही मुलगी चॅपलमध्ये बसलेली आणि बाहेर तिच्या जगाचं छप्परच उडालेलं अशी वेळ. श्रद्धा नसणाऱ्याला इथंच उत्तर मिळतं असं वाटेल, भीतीच्या काळात लोकांना आई हवी असते. मला ते अर्धंच उत्तर वाटतं, कारण तिच्यावर सगळ्यात आधी अविश्वास दाखवला तो खुद्द तिच्या फादरांनी. अलादेल त्यांचं नाव, तिचे कन्फेशन म्हणजे पापांची कबुली ऐकणारे, त्यांनी दीडेक वर्ष तिला उडवूनच लावलं, कल्पना आहेत म्हणाले. शेवटी आर्चबिशप द केलेन ह्यांच्या कानावर घातलं, त्यांना त्यात काही आक्षेपार्ह दिसलं नाही, आणि मग व्हाशेत नावाच्या सोनाराकडे ऑर्डर गेली. बघा हुपरीकर, तुमच्याच धंद्यातला माणूस! १८३२ च्या जूनअखेर पहिली खेप आली, दीड हजार मेडलांची.

आणि १८३२ म्हणजे पॅरिसमधल्या कॉलऱ्याचं वर्ष. साथ मूळ आपल्या बंगालकडनं निघून रशिया-पोलंड करत तिथं पोचली होती, एकट्या पॅरिसमध्ये अठरा हजारांच्या वर माणसं गेली. सिस्टर लोक आजाऱ्यांत काम करत होत्या, त्यांनी ही मेडलं वाटली, बरं झाल्याच्या बातम्या पसरल्या, आणि नाव पडलं 'चमत्काराचं मेडल'. चर्चनं दिलेलं नाव ते नाहीच, चर्चच्या कागदात ते निष्कलंक गर्भसंभवाचं मेडल होतं, चमत्काराचं हे लोकांनी केलं. आता साथ केव्हातरी ओसरतेच आणि ओसरताना जे हातात असतं त्याला श्रेय जातं, हे आपण पटकी-प्लेगच्या काळातल्या मरीआईच्या गाड्यांपासून बघत आलोय, त्यामुळे तेवढ्यावरनं मी काही मान्य करणार नाही. पण पसरलं किती ते बघण्यासारखं आहे, काही वर्षांत मेडलांचा आकडा लाखांच्या पुढं जाऊन कोटीत गेला. १८३६ ला पॅरिसच्या चर्चनं रीतसर चौकशी केली तर तीत कॅथरीन स्वतः आलीच नाही, नाव सांगायला तिनं अलादेलना मनाई केलेली.

शाहूपुरीकर, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला. कल्पना १८३० ला उगवलेली नाही. तेराव्या-चौदाव्या शतकात ह्यावरनं कॅथलिकांच्यातच जोरदार भांडणं होती, थॉमस अक्विनास ह्या धर्मपंडिताला हे पटत नव्हतं, डन्स स्कोटस ह्या दुसऱ्या पंडितानं बाजू मांडली. सण तर त्याच्याही आधीपासून काही ठिकाणी पाळत होते. पोप नववे पायस ह्यांनी ८ डिसेंबर १८५४ ला ते अधिकृत सिद्धांत म्हणून जाहीर केलं. म्हणजे मेडलवरची प्रार्थना आधी, सिद्धांत २४ वर्षांनी मागनं, आणि १८५८ ला फ्रान्समधल्या लूर्द गावात बर्नादेत नावाच्या मुलीला मरियामातेचं दर्शन झालं त्यात 'मी निष्कलंक गर्भसंभव' असं ऐकलं ते त्याच्यापण नंतर. श्रद्धावान म्हणणार वरनंच तयारी चालली होती, मी म्हणणार लोकांच्या तोंडी होतं ते पोपांच्या कागदावर आलं. दोघांना तारखा त्याच.

शाहूपुरीकर
तारखा पटल्या. पण ताईताचं राहिलंच की ओ. एकदा चर्चनं मान्य केलं म्हणजे कॅथलिक माणसाला ते मानावंच लागतं ना?

आजरेकर_मावशी
नाही, आणि हे आमच्या फादरांनीच शिकवलंय. दर्शनं ही 'खाजगी प्रकटीकरणं', ती मानली नाहीत तरी माणूस कॅथलिकच राहतो. चर्चचं म्हणणं एवढंच असतं की ह्यात श्रद्धेच्या विरुद्ध काही नाही, भक्ती करायला हरकत नाही. २०२४ च्या मे महिन्यात रोमनं नवे नियम काढले त्यात तर साधारणपणे 'हे दैवीच आहे' असा शिक्का मारायचाच नाही असं ठरवलंय.

ताईत म्हणाल तर ताईत मांत्रिक बांधतो आणि तो माणसाच्या वतीनं काम करतो अशी समजूत असते, बरोबर? ह्या मेडलवर पाठच्या बाजूला बघा काय आहे, काटे आणि तलवार. नशीब फळफळेल असं त्यात काही नाही. ते घालायचं आणि कडेची प्रार्थना म्हणायची, दोन्ही मिळून एक आहे. हां, लोक ताईतासारखं वापरतात हे मी नाकारत नाही, परीक्षेच्या आधी पोरांच्या खिशात मीच टाकलंय.

मदर तेरेसा ही मेडलं मूठमूठ वाटायच्या, धर्म न विचारता.

जुनी_बखर
एक राहिलं. अल्फोन्स रातिस्बोन, स्ट्रासबर्गच्या ज्यू बँकर घराण्यातला, धर्मावर टिंगल करणारा. रोममध्ये ओळखीच्या एका कॅथलिक माणसानं त्याला पैज लावल्यासारखं करून मेडल घालायला लावलं, ह्यानं हसत हसत घातलं, आणि २० जानेवारी १८४२ ला तिथल्या एका चर्चमध्ये नुसता बघायला म्हणून शिरला आणि गुडघ्यावर आला. पुढं फादर झाला. त्या बातमीनं मेडलाला जो उठाव मिळाला तो कॉलऱ्याइतकाच. मला मात्र त्याच्यापेक्षा कॅथरीनचं जास्त नवल वाटतं. सगळ्या युरोपात मेडल आणि ती स्वतः पॅरिसच्या रयी भागात म्हाताऱ्यांच्या आश्रमात ४६ वर्षं, स्वयंपाकघर, कोंबड्या, म्हाताऱ्यांचे कपडे, दारावरची राखण. ३१ डिसेंबर १८७६ ला वारली, त्याच वर्षी काय ते वरच्या सिस्टरला सांगितलं, तेपण एका तक्रारीसाठी, की मी मरियामाता हातात सोन्याचा गोळा धरलेली पण बघितली होती आणि तसा पुतळा अजून कुणी केलेला नाही. १९४७ ला संत जाहीर झाली.

चांदीकाम_हुपरी
एवढं कुणी सांगंल वाटलं नव्हतं, आभार सगळ्यांचे. मग तो हातातला गोळा मेडलवर घ्यायचा का न्हाई? आणि ताऱ्यांचं नक्की काय ते सांगा, बारा तारे एवढ्याशा कडेला म्हणजे एकेक तारा मोहरीपेक्षा बारीक येतोय, डायवर बसंल पण पॉलिशला गेला की घासून सपाट. अक्षरंपण डायवर उलटी कोरायची असतात, चूक झाली तर लग्नात फोटो निघणार.

आजरेकर_मावशी
गोळा नको, मेडलवर पहिल्यापासून हात खालीच आहेत. ताऱ्यांचं जुनी_बखर सांगतील.

जुनी_बखर
कॅथरीनच्या हातच्या लिखाणात ताऱ्यांचा उल्लेख नाही, तिनं तोंडी सांगितलं असं धरतात, बायबलच्या प्रकटीकरण १२ मध्ये बारा ताऱ्यांचा मुकुट घातलेली स्त्री आहे त्याच्याशी ते जुळतं. पण सुरुवातीच्या मेडलांपासून मागं तारे येत गेलेत, त्यामुळे घ्याच. तारा पाच टोकांचा बसत नसेल तर जरा उठावाचा ठिपका द्या पण मोजून बारा, अकरा नको.

आजरेकर_मावशी
आणि दादा, अक्षरं त्या बाईंना विचारून घ्या, मराठीत हवीत का इंग्लिशमध्येच. आईच्या मेडलसारखं हवंय म्हणजे इंग्लिशच म्हणतील. तुमच्याकडनं तयार झालं की त्या फादरांकडून आशीर्वाद घेतील, त्याचे पैसे नसतात, आणि आशीर्वाद दिलेली वस्तू विकायची नसते म्हणून बिल आधी करा, आशीर्वाद नंतर.

चांदीकाम_हुपरी
बिल आधीच करतो मावशी, त्यात आम्ही चुकत न्हाई 😀 इंग्लिश अक्षरं नीट लिहून कुणी फोटो टाका की, स्पेलिंगसकट, उद्या डायवाल्याकडं जायचं हाय.