अनुकंपा भरती म्हणजे मेरिटवाल्यांवर अन्याय नाही का?

सरळसेवा_उमेदवार
सरळसेवेचा, म्हणजे परीक्षेतून होणाऱ्या थेट सरकारी भरतीचा अभ्यास करतोय. मागच्या लिस्टला अर्ध्या मार्काने राहिलो. परवा आमच्या तालुक्यात एका मुलाला अनुकंपावर, म्हणजे नोकरीत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याचा वारस म्हणून, लिपिकाची ऑर्डर आली, ना परीक्षा ना कट-ऑफ, आणि त्याचे वडील जाऊन नऊ वर्षं झालीत. त्या मुलावर राग नाही माझा, पण घटनेच्या कलम १६ मधे सगळ्यांना समान संधी म्हटलंय ना, मग हे कशात बसतं?

मधुरा_नाशिक
बसतं, पण अपवाद म्हणूनच. सुप्रीम कोर्टाने १९९४ ला उमेश कुमार नागपाल केसमधे स्पष्ट सांगितलंय की नियम म्हणजे जाहिरात आणि गुणवत्ता, अनुकंपा फक्त कमावता माणूस गेल्यावर घर सावरावं म्हणून, तो वारसाहक्क नाही. म्हणून तर फक्त गट क आणि ड च्या, म्हणजे लिपिक-शिपाई अशा खालच्या जागा. आपल्याकडे अर्ज ठरलेल्या मुदतीत करावा लागतो, ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर मिळत नाही, आणि वयाची ४५ पूर्ण झाली की वेटिंग लिस्टमधून नाव कमी.

वेटिंगवर
दादा, मी त्याच लिस्टमधे आहे. मिस्टर ड्युटीवर असताना गेले. वारस दाखला, सासूबाईंचं आणि दिरांचं ना-हरकत स्टॅम्प पेपरवर, टायपिंगचं सर्टिफिकेट, सगळं पहिल्या वर्षातच दिलं. तेव्हा मुलगी बालवाडीत होती, आता सातवीत आहे. दरवेळी ऐकायचं की बिंदूनामावली (कुठलं पद कुठल्या आरक्षणाचं ते दाखवणारी नोंद) तपासून आलेली नाही, आणि त्याच ऑफिसात दोन खुर्च्यांवर एजन्सीची कंत्राटी मुलं काम करतायत, म्हणजे काम आहे, फक्त पद भरायचं नाहीये. तुमची जागा मी खाल्ली असं वाटत असेल तर एकदा त्या खुर्च्याही मोजा.

जुना_कर्मचारी
ताई बरोबर बोलल्या. माझं मत विचाराल तर अनुकंपा चुकीचं नाही, उशीर चुकीचा आहे. तेराव्यानंतर दोन-तीन महिन्यांत ऑर्डर दिली तर ती मदत, नऊ वर्षांनी दिली तर ना त्या घराला वेळेवर आधार मिळाला ना बाहेरच्या पोराला ते पटतं. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशीने नोकरी मिळते त्यावरही असंच बोलतात लोक, पण ते काम करायला मेरिटवाले किती येतात ते बघा एकदा गटारावर उभं राहून. खरा मागचा दरवाजा कंत्राटी भरतीचा, तिथे ना जाहिरात ना यादी. २००६ ला उमादेवी केसमधे घटनापीठाने सांगितलं की असं मागून घेतलेल्यांना कायम व्हायचा हक्क नाही, तर आता कायम करायचंच नाही म्हणून वर्षानुवर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरी.

सरळसेवा_उमेदवार
ताई, तुमच्याबद्दल नव्हतं बोलायचं मला. एजन्सीच्या खुर्च्यांचा मुद्दा पटला. मंजूर पदं किती, रिकामी किती आणि कंत्राटी किती हे माहिती अधिकारात मागता येईल का?

मधुरा_नाशिक
येतं. साधा अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. अनुकंपाची ज्येष्ठता यादी पण त्याच अर्जात मागा, दोघांच्याही कामाला येईल.