एकांकिकेत हुकूमशाही कशी उभी करायची?

तालीमवाला, सदाशिव पेठ:
पुरुषोत्तम करंडक या स्पर्धेसाठी एकांकिका लिहितोय. काळ पुढचा, शहर पुणेच, सरकार पूर्ण हुकूमशाही. चौकाचौकांत कॅमेरे, संचारबंदी, दारावर पोलिसांची थाप, सगळं घातलंय. तरी तालमीत कुणाला धसका बसत नाही. कादंबऱ्यांमधली अशी सरकारं माणसं ताब्यात ठेवतात तरी कशी? आमच्याकडे रंगमंचावर एक खोली आणि चार पात्रं, एवढंच आहे.

वाचनवेडी, कोथरूड:
एक खोली भरपूर झाली. सरकार घरात आण.

ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी पुन्हा काढ आणि या वेळी पार्सन्सवर लक्ष ठेव. नायक विन्स्टनचा हा शेजारी, सत्ताधारी पक्षाचा भाबडा भक्त. झोपेत बिग ब्रदरविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च नेत्याविरुद्ध, बरळतो. त्याची सात वर्षांची मुलगी किल्लीच्या भोकाला कान लावून ते ऐकते आणि दुसऱ्या दिवशी गस्तीवाल्यांना सांगून टाकते. कोठडीत बसलेला बाप म्हणतो काय, तर पोरीचा अभिमान वाटतो! हे पान कधीही वाचलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. या घरावर पाळत ठेवायला बाहेरचं माणूस लागतच नाही.

त्यातच चॉकलेटचं रेशन ३० ग्रॅमवरून २० वर येतं. लगेच दुसऱ्या दिवशी बातमी येते की रेशन वाढवून आठवड्याला २० ग्रॅम केल्याबद्दल लोकांनी मोर्चे काढून आभार मानले. विन्स्टन कँटीनमध्ये बसून ऐकतो आणि शेजारचे खरंच विसरलेत का, हे चेहऱ्यांवर शोधत राहतो. जुने आकडे बदलणं ही त्याचीच नोकरी.

फर्ग्युसन रोडवासी:
पण हक्सलीच्या १९३२च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' कादंबरीत भीतीचं फारसं कामच पडत नाही. मुलांच्या कानात झोपेत तीच ती वाक्यं ओततात, मोठ्यांना उदास वाटलं की सोमा नावाच्या गुंगीच्या औषधाची गोळी. सगळे खूश.

वाचनवेडी, कोथरूड:
खरंय, पण खूश माणसं दाखवून चाळीस-पन्नास मिनिटांत प्रेक्षकाला हादरवणं फार अवघड. त्यापेक्षा ॲटवुडची १९८५ची 'द हँडमेड्स टेल' बघ. रोख पैसा आधीच बंद झालेला. नायिका दुकानात सिगारेट घ्यायला जाते तर तिचा खात्याचा नंबर चालत नाही. त्याच दिवशी नोकरी जाते. सगळ्या बायकांची खाती गोठवलेली, पैसे नवऱ्याच्या किंवा जवळच्या पुरुष नातेवाइकाच्या हाती. नवरा वाईट माणूस नाही. मी सांभाळीन तुला, म्हणतो. आणि तिला जाणवतं की याला फारसं काही खुपलेलं नाही. मला विचारशील तर त्या पुस्तकातली सगळ्यात भयंकर जागा ही.

तुझ्या नाटकात बायको टिळक रोडवर किराणा घ्यायला जाऊ दे. तिचं यूपीआय चालत नाही, मागे उभ्या नवऱ्याचं चालतं. घरी आल्यावर तो मनापासून म्हणतो, "अगं, मी देतो ना!" त्याला खलनायक मात्र करू नकोस.

तालीमवाला, सदाशिव पेठ:
ताई, चौथं पात्र इन्स्पेक्टरचं होतं. ते काढून सासू आणतो. तिचंही पेन्शनचं खातं बंद झालंय, तरी सुनेला तीच समजावते, "आमच्या आईच्या वेळी कुठं होती गं खाती?" शुक्रवारी वाचन ठेवतो.