चाळीतल्या ४,५०० च्या खोलीला नोंदणीकृत करार हवा की नको?

इंद्रायणीकाठ
गेल्या महिन्यात पिंपरी-चिंचवडच्या मोशीत एका बाईंचं सामान रात्री नऊला पॅसेजमध्ये काढलेलं पाहिलं. शेगडी, पत्र्याची पेटी, पोराचं दप्तर. नवरा सेकंड शिफ्टला. भाडं ४,५००, डिपॉझिट १०,०००. मालक म्हणतात तीन महिने थकले, डिपॉझिट त्यातच फिटलं. बाई म्हणतात एकच महिना. भाडं रोख, पावती नाही, कागद कुणाकडेच नाही. भांडणार कशावर?

आम्ही चौघे-पाच जण दर रविवारी बाहेरगावाहून, परराज्यांतून आलेल्या कामगारांची रेशन, शाळाप्रवेश, बँक खातं अशी कामं करून देतो. आता ठरवलंय, आधी करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही. पोलिसांना भाडेकरूची माहिती दिली की झालं, असं निम्म्या मालकांना वाटतं. ती वेगळी गोष्ट आहे. माझं मत सरळ आहे: कागद नाही तर मदत अर्धवट. पटत नसेल तर बोला.

बारा_खोल्या
पटत नाही. वडिलांची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या पाच गुंठ्यांत बारा खोल्या काढल्या. त्यावर घर चालतं. तुम्ही सामान पॅसेजमध्ये पाहिलंत, मी रिकामी खोली पाहतो. मागच्या दिवाळीला दोघे गावी गेले ते गेलेच, दोन महिन्यांचं भाडं आणि लाईट बिल माझ्या डोक्यावर. एक पंखाही गेला, पण तो जाऊ द्या.

आणि खर्च? नोंदणी फी १,०००, वर स्टॅम्प, वर एजंट. माणूस टिकतो चार महिने. ठेकेदार साईट बदलतो, हा बॅग उचलतो. बारा खोल्यांचे करार करत बसलो तर मीच भाड्याने राहायची वेळ येईल.

कोर्टकचेरी
धागाकर्त्यांच्या भावना समजल्या, पण ते ज्याला ढाल समजतायत ती मालकाची तलवार आहे. आपल्याकडे जो अकरा महिन्यांचा करार होतो तो लिव्ह अँड लायसन्स. त्यात राहणारा ‘भाडेकरू’ नसतो, नुसता परवानगीने राहणारा. मुदत संपली आणि खोली सोडली नाही, तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जातो, आणि राहणाऱ्याला दुप्पट दराने भरपाई लागू होते. करारात लिहिलंय तेच अंतिम पुरावा.

उलट लेखी करार नसेल तर त्याच कलम ५५ मध्ये पुढे काय आहे वाचा: अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते ग्राह्य, मालकाने खोटं पाडेपर्यंत. म्हणजे त्या बाईंना कागद नसण्याचाच फायदा आहे.

इंद्रायणीकाठ
कोर्टात फायदा आहे, साहेब. पॅसेजमध्ये रात्री नऊला नाही. त्या बाई कोर्टात कधी जाणार? नवऱ्याचा खाडा म्हणजे दिवसाचा पगार गेला. मला कागद हवा तो चौकीत दाखवायला, गॅसवाल्याला दाखवायला.

नाना_भोसरी
मुळात परप्रांतीयांची एवढी काळजी कशाला? आपल्या पोरांना खोल्या मिळतात का ते बघा आधी.

लातूरकर
नाना, मी २०११ ला लातूरहून आलो तेव्हा मालकाने पहिला प्रश्न विचारला होता, ‘कुठले?’ लातूर म्हटल्यावर, ‘मराठवाड्याची पोरं नकोत, दहा जण गोळा करतात.’ पुण्यापासून मुश्किलीने साडेतीनशे किलोमीटर. आपली पोरं म्हणजे नेमकी कुठली?

आता नोकरीसाठी बंगळुरूत आहे. इथे माझ्याकडे दहा महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा आहे म्हणून सांगितलं, तर मालक हसला. राज्याने कायदा केल्याशिवाय तो नमुना कुणाला बांधत नाही, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

कॅम्पवाली
परदेशी लोकांचं याहून अवघड. पुण्यात शिकणारी अफगाण मुलगी आमच्याकडे राहायची. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, घरून पैसे बंद, परतायचं कुठे तेही कळेना. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ‘निर्वासित’ म्हणून दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं, होता तो विद्यार्थी व्हिसा. सोसायटीवाले म्हणाले, नसती भानगड. करायचं काय होतं तर २४ तासांत ऑनलाइन फॉर्म सी, म्हणजे परदेशी माणूस राहायला आल्याची सरकारला माहिती, तो आम्ही ती आली तेव्हाच भरला होता. मालकाला असल्या फॉर्मची भीती वाटते म्हणून खोली मिळत नाही. मदत करायची तर मालकाच्या शेजारी बसून आता जो फॉर्म लागतो तो भरून द्या.

इंद्रायणीकाठ
कॅम्पवाली, हे पटलं, आणि इथल्या करारालाही तेच लागू करतो. बारा_खोल्या दादा, तुमचा खर्चाचा मुद्दा घेऊ. अकरा महिन्यांचाच करार करा असं कोण म्हणतं? ६० महिन्यांपर्यंत करता येतो. ३३ महिन्यांचा केलात तर नोंदणी फी एकदाच १,०००. स्टॅम्प ड्युटी पाव टक्का, तुमच्या भाड्याला आणि डिपॉझिटला धरून चारेकशे रुपये. महिन्याच्या नोटिशीवर कुणीही बाहेर पडू शकेल असं लिहायचं, लॉक-इन, म्हणजे अमुक महिने सोडायचंच नाही अशी अट, टाकायचं नाही. साईट बदलली तर माणूस मोकळा, तुमचीही अडवणूक नाही. एजंटचे पैसे वाचवा, ऑनलाइन नोंदणीसाठी लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन आम्ही आणतो.

कोर्टकचेरी
डिपॉझिट किती दिवसांत परत करायचं तेही लिहा. आणि भाडं थकलं किती हे ठरायला पावती. नाहीतर करार असूनही बाई पुन्हा पॅसेजमध्येच.

बारा_खोल्या
३३ महिन्यांचं बघतो, हे कुणी सांगितलं नव्हतं. दोन खोल्यांपासून सुरू करू, बिहारचं एक कुटुंब आणि वाशिमचे दोघे भाऊ. चांगली माणसं आहेत.

पावतीचं मात्र थांबा. बारा खोल्यांच्या पावत्या फाडल्या की पुढचं पत्र इन्कम टॅक्सचं येणार. त्याच्या शेजारी बसायला तुमच्यातलं कोण येणार, ते रविवारी ठरवून या.