मदत हवी आहे: जामीनदाराला न विचारता लिमिट वाढवली, आता वसुलीची नोटीस

मंडळी, नागपुरात सहकारी बँकांच्या वसुलीची प्रकरणं पाहणारे कोणी वकील आहेत का इथे?

बाबा त्यांच्या साडूंच्या बुटीबोरीच्या युनिटसाठी 10 लाखांच्या कॅश क्रेडिटला (ठरलेल्या लिमिटपर्यंत लागतील तसे पैसे काढायचं धंद्याचं कर्ज) जामीन राहिले होते. पुढे बँकेनं लिमिट परस्पर 18 लाख केली. त्या कागदांवर बाबांची सहीच नाही. आता खातं एनपीए (थकीत कर्ज), मावसाजी फोन उचलत नाहीत आणि पूर्ण रकमेची नोटीस आमच्या घरी!

'आधी कर्जदाराला धरा' हे चालत नाही, ठाऊक आहे. करार कायदा 1872, कलम 128: जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. पण कलम 133 नुसार त्याच्या संमतीशिवाय अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांतून तो सुटतो. मेख पुढेच आहे. मूळ जामीनपत्रात बारीक अक्षरात 'मर्यादा वाढवल्यास हरकत नाही' असं छापलंय. अशी ढोबळ संमती कोर्टात टिकते का? 10 लाखांच्या वरचं तरी सुटेल?

आणि बाबांनी पैसे भरलेच, तर कलम 141 प्रमाणे गहाण मशिनरीवरचा बँकेचा हक्क त्यांच्याकडे येतो ना? ती मशिनरी अजून जागेवर आहे, म्हणून घाई. सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला (थकबाकी वसूल करण्याचा अधिकृत आदेश) निघण्याआधी उत्तर द्यायचंय.