मारिओचा खरा आकार कोणता: छोटा की मोठा?

फोंडा_पिक्सेल:
चवथीच्या सुट्टीत वाड्यावरच्या मुलांसाठी जुन्या व्हिडिओ गेमची प्रश्नमंजुषा ठेवतोय. एका प्रश्नावर आमचं एकमत होत नाही. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये मशरूम खाल्ल्यावर मारिओ मोठा होतो, की आधीच आखडलेला मारिओ आपल्या मूळ आकारात येतो? माझं मत दुसऱ्या बाजूने. निन्तेंदो कंपनीच्या मियामोतो आणि तेझुका यांनी हा गेम करायला घेतला तेव्हा पडद्यावर हलणारा नुसता एक चौकोन होता, त्याचं माप १६ बाय ३२ पिक्सेल. सुपर मारिओचं, म्हणजे मशरूम खाल्लेल्या मोठ्या मारिओचं, मापही तेच. छोटा मारिओ १६ पिक्सेल उंच, म्हणजे गूम्बा या चालत येणाऱ्या छोट्या शत्रूएवढाच. किल्ल्याच्या शेवटी भेटणारा टोड, राजकन्येचा सेवक, २४ पिक्सेलचा. टोडपेक्षा बुटका मारिओ हा मूळ मारिओ कसा? शिवाय अमेरिकेत १९८८ ला आलेल्या 'सुपर मारिओ ब्रदर्स २'मध्ये तुम्ही मोठेच सुरू होता आणि शेवटचा एक जीवबिंदू उरला की आखडता. लहान असणं म्हणजे जखमी असणं, हे तिथे उघड आहे.

म्हापशेकर:
बाब, चौकोनाचं माप बरोबर आहे, पण अर्धीच गोष्ट सांगितलीत. सुरुवातीच्या लेव्हलचे नकाशे छोट्या मारिओच्या मापाने आखले गेले. शेवटी त्याला मोठा करायचा बेत होता, मग आकार बदलणंच मजेचं होईल असं ठरलं. १-१ चा, म्हणजे पहिल्या लेव्हलचा, पहिला मशरूम बघा. तो प्रश्नचिन्हाच्या चौकटीतून निघून उजवीकडे जातो, पाइपवर आपटून परत फिरतो. गूम्बा समजून नवखा खेळाडू उडी मारायला गेला तरी वरच्या विटांना डोकं लागून तो मशरूमवरच पडतो. इतकी काळजीपूर्वक मांडणी 'तू आता मोठा झालास' हे शिकवण्यासाठी आहे. आणि अमेरिकेतला भाग २ हा मुळात 'डोकी डोकी पॅनिक' नावाचा वेगळाच जपानी गेम, त्यात मारिओ नव्हताच. तो पुरावा धरू नका.

फोंडा_पिक्सेल:
उलट तोच पक्का पुरावा आहे. 'डोकी डोकी पॅनिक'मध्ये शेवटच्या जीवबिंदूला पात्र आखडत नाही. मारिओचा गेम करताना निन्तेंदोने आखडणं मुद्दाम घातलं.

डिचोलीची गेमर:
दोघंही चित्राकडे बघून बोलताय. गेमच्या मेमरीत आकार आणि शक्ती या दोन वेगळ्या नोंदी आहेत. ०७५४ या पत्त्यावर आकार: ० म्हणजे मोठा, १ म्हणजे छोटा. ०७५६ वर शक्ती: ० साधा, १ सुपर, २ फायर (फूल घेऊन आगीचे गोळे फेकणारा). वीट फोडणं, खाली वाकणं आणि धडक कुठवर लागते हे आकारावर ठरतं. फटका सोसणं, आगीचे गोळे आणि चौकटीतून मशरूम येणार की फूल हे शक्तीवर.

घरी पडताळता येतं. एफसीईयूएक्स एमुलेटरमध्ये (संगणकावर जुने गेम चालवणारा प्रोग्राम) गेम थांबवा, डिबग मेनूतून हेक्स एडिटर (मेमरीतले आकडे बदलायची खिडकी) उघडा, छोटा मारिओ असताना ०७५४ ला हात न लावता फक्त ०७५६ मध्ये ०२ भरा. रंग लगेच बदलणार नाही. कपड्यांचा रंग पुढचा भाग लोड होताना ठरतो, म्हणून एका पाइपमधून जाऊन या. पण बी बटण दाबलं की गोळा लगेच सुटतो. आता विटेखाली उडी मारा: वीट हलते, फुटत नाही. मग गूम्बाला मुद्दाम धडका. मारिओ मरत नाही, पण दिसायला मोठा होतो! कारण फटक्याच्या वेळी कोड 'छोटा कर' असं सांगत नाही, आहे तो आकार फक्त उलटा करतो. आता हा मोठा मारिओ विटा फोडतो आणि पुढच्या स्पर्शात मरतो, कारण शक्ती ० आहे.

एमुलेटर नको असेल तर सुपर मारिओ घेऊन १-४ च्या शेवटी बाउझर (किल्ल्यातला मोठा शत्रू) आणि लेव्हल संपवणारी कुऱ्हाड यांना एकाच क्षणी लागा. शक्ती तिथल्या तिथे ० होते, पण आकार उलटण्याआधीच कुऱ्हाड लेव्हल संपवते. २-१ मध्ये दिसायला मोठा, आतून साधा मारिओ मिळतो. त्याने मशरूम घेतला की तो छोटा होतो, पुढे फूल घेतलं की छोटा फायर मारिओ. वेळ जमणं कठीण आहे: बाउझर आधी लागला तर नेहमीसारखा आखडतो, कुऱ्हाड आधी लागली तर काहीच होत नाही.

काणकोणकर:
ताई, फायर मारिओबद्दल एक भर. त्याची चित्रं सुपर मारिओचीच, फक्त रंगांची पट्टी बदललेली. नरकासुराला दुसरे कपडे घातले म्हणून आतला सांगाडा बदलत नाही, तसंच. आणि प्रश्नपत्रिकेत आवृत्ती लिहाच. भाग ३ च्या जपानी आवृत्तीत फायर मारिओ फटका बसला की थेट छोटा होतो, अमेरिकी आवृत्तीत आधी सुपर. मुलं दोन्ही खेळलेली असतात, भांडणं होतील.

म्हापशेकर:
ताईंचा प्रयोग चोख आहे. आता टोडच्या मापाबद्दल. फॅमिकॉमची (हा गेम ज्या यंत्रावर आला त्याची) चित्रं ८ बाय ८ च्या तुकड्यांची असतात, म्हणून उंची १६, २४ किंवा ३२ अशीच जमते. टोड ६ तुकड्यांचा, आणि ८-४ मधली राजकन्याही ६ तुकड्यांचीच, म्हणजे २४ पिक्सेल. टोडवरून मारिओ मापायचा असेल तर राजकन्याही त्याच मापाने मापा. मग सुपर मारिओ तिच्यापेक्षा ८ पिक्सेल उंच ठरतो. निन्तेंदोच्या चित्रांत मात्र राजकन्याच त्याच्यापेक्षा उंच असते. पिक्सेल मोजून कुणाची मूळ उंची सिद्ध होत नाही, ना १६ ने ना ३२ ने.

फोंडा_पिक्सेल:
राजकन्येचा मुद्दा वजनदार आहे. तरी भाग २ मधलं आखडणं मी सोडत नाही. त्या निर्णयात गेम करणाऱ्यांचं मत दिसतं, पिक्सेलची अडचण नाही.

डिचोलीची गेमर:
मत दिसतं, मान्य. पण ते तीन वर्षांनंतरचं मत. १९८५ च्या कोडमध्ये नवा गेम सुरू होताना आकाराच्या नोंदीत १, म्हणजे छोटा, भरला जातो. एका उत्तराचा प्रश्न हवा असेल तर असा घ्या: 'छोट्या मारिओला जमतं आणि सुपर मारिओला जमत नाही असं काय?' उत्तर, एका विटेएवढ्या फटीतून चालत जाणं.

काणकोणकर:
'चालत' हा शब्द ठळक छापा. सुपर मारिओ धावत येऊन वाकला तर घसरत त्याच फटीतून जातो. वेग कमी पडून मध्येच उभा राहिला तर गेम त्याला उजवीकडे ढकलत बाहेर काढतो. एखादं हुशार पोर हे करून दाखवेल आणि गुण मागेल.

फोंडा_पिक्सेल:
त्या पोराला २ गुण जास्त. प्रश्न बदलला, 'चालत' ठळक, आवृत्ती १९८५ ची.