सेल बायोलॉजीसाठी नाशिकमध्ये परवडणारी पदवी कोणती?

सिन्नरचा_दादा

नमस्कार मंडळी. धाकटी बहीण बारावी सायन्सला आहे. गट पीसीबी, गणित अकरावीलाच सोडलंय. तिला पेशीविज्ञानातच (सेल बायोलॉजी) पुढे जायचंय, मेडिकलची नीट परीक्षा द्यायची नाही हे घरात ठरलंय. सिन्नरहून रोज ये-जा करता येईल असं नाशिकमधलं कॉलेज हवं. सगळे बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी सुचवतात, पण तिची फी साध्या बी.एस्सी.च्या कितीतरी पट आहे. एवढा फरक भरण्यात अर्थ आहे का? प्रवेशाआधी कॉलेजात काय विचारायचं आणि एम.एस्सी.पर्यंतचा खर्च आटोक्यात कसा ठेवायचा?

काचपट्टी

दादा, 'सेल बायोलॉजी' या नावाच्या बी.एस्सी.च्या शोधात वेळ घालवू नका. आपल्याकडे हा विषय प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र आणि बायोटेक या चारही पदव्यांमध्ये वाटला गेलेला आहे. पेशीविज्ञानाचा खरा अभ्यास एम.एस्सी. आणि पीएच.डी.ला होतो. म्हणून पदवीच्या नावासाठी जास्त पैसे मोजू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

फीमधला फरक कुठून येतो ते समजून घ्या. अनुदानित तुकडीत शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे फी काही हजारांत राहते. विनाअनुदानित तुकडीत पगार, रसायनं, देखभाल सगळं फीमधून निघतं. बायोटेक बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित असते. एकाच इमारतीत, एकाच विषयाची एक तुकडी अनुदानित आणि दुसरी विनाअनुदानित असंही असतं. केटीएचएम, एचपीटी-आरवायके, नाशिकरोडचं बिटको आणि पंचवटीचं एलव्हीएच, या चारही ठिकाणच्या माहितीपुस्तिका आणा. कार्यालयात "फी किती" एवढंच विचारू नका. "या विषयाची ही तुकडी अनुदानित आहे का, आणि तीन वर्षांची मिळून एकूण किती, लॅब फी आणि परीक्षा फी धरून?" असं विचारा. पहिल्या वर्षाचा आकडा कमी दिसतो आणि तिसऱ्या वर्षी प्रोजेक्टच्या नावाने वाढतो, म्हणून तिन्ही वर्षांचं लेखी घ्या.

विषय निवडताना रसायनशास्त्र सोडू देऊ नका. हे सगळ्यात महत्त्वाचं. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पहिल्या वर्षी घेतलेल्या विषयांतूनच पुढे मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) ठरतात. सुरुवातीला रसायनशास्त्र नसेल तर एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीसारख्या जागांची पात्रताच हातची जाते, आणि नंतर ती भरून काढता येत नाही. तिला प्राण्यांच्या पेशींची आवड असेल तर प्राणिशास्त्र मेजर, रसायनशास्त्र मायनर. हिस्टॉलॉजी (ऊतींचा अभ्यास), भ्रूणविज्ञान, जनुकशास्त्र हे सगळं त्यात येतं.

पंचवटी_मायक्रो

काचपट्टींशी बरंचसं सहमत, पण मेजर सूक्ष्मजीवशास्त्र घ्यावं असं मी म्हणेन. निर्जंतुक हाताने काम करायची सवय या विषयात पहिल्या वर्षापासून लागते आणि पुढे सेल कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्यात) निम्मं यश तिथेच असतं. शिवाय काही कारणाने पदवीवर थांबावं लागलं तर अंबड, सातपूर, सिन्नरच्या औषध कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलला मायक्रोबायोलॉजीचा पदवीधर लागतो. दिंडोरीकडच्या वाइनरीतही यीस्टचं काम असतं. प्राणिशास्त्राच्या पदवीवर इतकी दारं उघडत नाहीत.

काचपट्टी

नोकरीचा मुद्दा बरोबर. घरासाठी लवकर कमवायची गरज असेल तर मायक्रो. पीएच.डी.पर्यंत जायचं पक्कं असेल तर मात्र मी प्राणिशास्त्रच सांगेन, कारण मायक्रोच्या अभ्यासक्रमात जिवाणूंचा वाटा मोठा असतो आणि केंद्रक असलेली पेशी मागे पडते.

डेमो_नारोड

लॅब कशी पारखायची ते सांगतो. प्रॅक्टिकल चालू असताना, सकाळच्या वेळी जा. विभागप्रमुखांना विनंती केली तर बहुतेक जण दाखवतात.

पहिलं, मायक्रोस्कोप. मुलं किती आणि चालू मायक्रोस्कोप किती ते मोजा. १०० एक्स ऑइल इमर्शन लेन्स आहे का, आणि तिच्यावर जुनं तेल वाळून बसलंय का ते बघा. तेल न पुसता ठेवलेली लेन्स म्हणजे लॅबमध्ये लक्ष देणारं कोणी नाही.

दुसरं, पेशीविभाजन बघायची कांद्याच्या मुळाची स्लाइड मुलं स्वतः करतात का, की तयार स्लाइड दाखवून जर्नल भरून घेतात? आपला जिल्हा कांद्याचा, साहित्याचा खर्च जवळपास शून्य. एवढी एक गोष्ट नीट होत असेल तर बाकीचंही होत असतं. पद्धत बहिणीला आधीच कळू द्या, म्हणजे ती प्रश्न विचारू शकेल. कांद्याच्या बुडाची वाळलेली जुनी मुळं खरवडून काढायची आणि बूड पाण्याला टेकेल असा कांदा बाटलीच्या तोंडावर बसवायचा. दोन-चार दिवसांत एक-दोन सेंटिमीटर मुळं येतात. सकाळी कापून तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग ग्लेशियल ॲसेटिक ॲसिड या मिश्रणात २४ तास, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये साठवण. स्लाइड करताना १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये ६० अंशाला पाच ते दहा मिनिटं, पाण्याने धुवून ॲसिटोकार्मिन हा रंग, मग कव्हरस्लिप ठेवून ब्लॉटिंग पेपरखाली अंगठ्याने सरळ दाब.

बिघडतं ते तीन ठिकाणी. ॲसिडमध्ये वेळ कमी पडला तर पेशी एकमेकींपासून सुटत नाहीत, गठ्ठा दिसतो. जास्त झाला तर मुळाचा लगदा होतो आणि रंगही धरत नाही. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे टोकाचे एक-दोन मिलिमीटर सोडून वरचा भाग घेणं. तिथे लांबट, वाढ झालेल्या पेशी असतात, विभाजन दिसतच नाही. दाबताना कव्हरस्लिप सरकली तर पेशी गुंडाळल्या जातात, ते वेगळंच.

तिसरं, 'आमच्याकडे सेल कल्चर लॅब आहे' असं कोणी सांगितलं तर इनक्युबेटरला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला आहे का बघा. प्राण्यांच्या पेशींना ३७ अंश आणि साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड लागतो, कारण बायकार्बोनेट असलेल्या माध्यमाचा (पेशी वाढतात त्या द्रवाचा) सामू, म्हणजे पीएच, त्यावरच टिकतो. सिलिंडर नसेल तर ते कपाट साधं इनक्युबेटर आहे. तसंच आडव्या झोताचा लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कामाचं टेबल) आणि बायोसेफ्टी कॅबिनेट (काम करणाऱ्यालाही जपणारं) एक नव्हेत. आडव्या लॅमिनारची हवा काम करणाऱ्याच्या तोंडावर येते. वनस्पतींच्या टिश्यू कल्चरला तो चालतो, मानवी पेशींना नाही. आणि उपकरणाची लॉगबुक मागा, शेवटची नोंद कधीची आहे ते पुरेसं बोलतं. बायोटेकची जास्त फी योग्य आहे का, याचं उत्तर मला तरी त्या वहीतच मिळतं.

शिष्यवृत्ती_खिडकी

पैशाचं सांगते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि खुला प्रवर्ग असेल तर महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा. इतर प्रवर्गांच्या योजना त्याच पोर्टलवर आहेत. पण प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजचा *तोच* अभ्यासक्रम पोर्टलच्या यादीत दिसतो का हे कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाकडून खात्री करून घ्या. विनाअनुदानित तुकडीचं इथेच अडतं.

तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, लागू असेल तर जात वैधता, हे निकालाआधीच काढा. जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात. बँक खातं आधारला नुसतं जोडून भागत नाही, डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीड झालेलं, म्हणजे बँकेने त्यासाठी आधारशी नोंदवलेलं हवं. दोन खाती असतील तर शेवटी सीड केलेल्या खात्यात पैसे जातात आणि लोक दुसऱ्या खात्याकडे बघत बसतात. फॉर्म भरला की काम झालं असंही नाही. कॉलेजने तो पुढे पाठवला का ते लॉगिन करून बघत राहा आणि दर वर्षी नूतनीकरण करा.

बारावीला बोर्डाच्या वरच्या १ टक्क्यात गुण आले तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ८०,००० रुपये, त्यातले ६०,००० रोख आणि २०,००० उन्हाळी संशोधनासाठी. तिच्या विषयांच्या यादीत प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, बायोकेमिस्ट्री आहे. बायोटेक्नॉलॉजी नाही. हुशार मुलींचं यात मोठं नुकसान होतं आणि प्रवेशाच्या वेळी कोणीच सांगत नाही. त्या वर्षीची सूचना मात्र वाचूनच अर्ज करा.

सिन्नरहून येण्यासाठी सिटीलिंक आणि एसटी दोन्हींच्या विद्यार्थी पासची तुलना करा. बोनाफाईड कॉलेजकडून पहिल्याच आठवड्यात घ्या.

सिन्नरचा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुदानित तुकडी आणि रसायनशास्त्र हे पक्कं. गणित सोडल्याचा पुढे त्रास होईल का?

काचपट्टी

पदवीला नाही, त्यानंतर होऊ शकतो. एम.एस्सी.साठी आयआयटीची जॅम परीक्षा दिली तर तिच्या बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीपर्यंतचं गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रही असतं. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा आहे. त्याहीपुढे सीएसआयआर-नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर महिना ३७,००० रुपये फेलोशिप असते, म्हणजे पीएच.डी.चा भार घरावर येत नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, पाषाणला आयसर ही केंद्राची विज्ञान संस्था आहे. दुसऱ्या वर्षापासून तिन्ही विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज करत राहू द्या. जाहिरात दिवाळीच्या आसपास येते आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं, म्हणून एखाद्या मॅडम-सरांच्या लॅबमध्ये आधीपासून हात घालायला सांगा.

गणितासाठी पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एनसीईआरटीच्या अकरावी-बारावीच्या पुस्तकांतून फलन, लघुगणक, विकलन, संकलन, मॅट्रिक्स आणि संभाव्यता एवढं करू द्या. ही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट आहेत. आणि ओपन इलेक्टिव्हमध्ये (आवडीने निवडायच्या जादा विषयात) संख्याशास्त्र मिळत असेल तर तेच घ्यायला लावा, सेल काउंटपासून ग्राफपर्यंत रोज लागतं.