मदत हवी आहे: स्टेज टू आरएस३ घ्यावी की स्टॉक आर८ व्ही१०?

नेकारकाठ

मंडळी, नमस्कार.

मूळ पुण्याचा, सध्या मुक्काम हाइलब्रॉन, जर्मनी. नोकरी गाड्यांच्याच धंद्यात, पण सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे, त्यामुळे कर्मचारी सवलत वगैरे भानगड नाही. घरची स्टेशन वॅगन आहे, ती राहणार. प्रश्न हौसेच्या दुसऱ्या गाडीचा आहे. हातात ७० हजार युरो आहेत आणि विमा, टायर, पहिली सर्व्हिस हे सगळं त्यातच बसवायचंय.

एक पर्याय म्हणजे २०१७ नंतरची ऑडी आरएस३, पाच सिलिंडर, ४०० पीएसवाली (पीएस म्हणजे अश्वशक्ती). जाहिरातींत चांगली गाडी ४० हजारांच्या आसपास दिसते. तिच्यावर आणखी दहा-बारा हजार घालून स्टेज टू करायचं: मोठा इंटरकूलर, मोकळा डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप), नवं सॉफ्टवेअर. ट्यूनर ५०० पीएसची खात्री देतो.

दुसरा पर्याय पहिल्या पिढीची आर८ व्ही१०. ५.२ लिटर, ५२५ पीएस, टर्बो नाही. बऱ्यापैकी पळालेली गाडी साठ-पासष्ट हजारांत हाती लागते. ती घेतली की खिसा रिकामा, म्हणजे तिला हात लावायचा नाही, आहे तशी चालवायची.

आता गणित बघा. आरएस३ चं वजन १५१० किलोच्या आसपास, आर८ चं १६२० च्या. ५०० पीएसची आरएस३ धरली तर दोन्हीकडे एका पीएसला तीन किलो आणि वर किरकोळ काही. टॉर्क तर आरएस३ चा स्टॉकमध्येच, म्हणजे कंपनीतून येते तशा गाडीतच, ४८० न्यूटन मीटर, तोही १७०० आरपीएमपासून. आर८ ५३० देते, पण त्यासाठी सुई साडेसहा हजारांवर न्यावी लागते. म्हणजे ऑटोबानवर (इथला महामार्ग) शंभर ते दोनशेच्या टप्प्यात सुधारलेली आरएस३ मागे पडायचं कारण दिसत नाही. मग वरचे पैसे नक्की कशाचे? नावाचे आणि आकाराचे?

वापर सुट्टीच्या दिवशी ऑटोबान, आणि अधूनमधून न्युर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफ या जुन्या रेसट्रॅकवर पर्यटक फेऱ्या. रोज ऑफिसला नेणार नाही.

घरची बाजू: मुलगी पाच वर्षांची आहे. बायकोचं म्हणणं एकच, "दोन माणसांच्या गाडीत तिसरीला ठेवणार कुठे, ते आधी सांग." याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दोन्हींपैकी काही चालवलेल्या, किंवा इथे जर्मनीत गाडी ट्यून करून ट्यूफकडून (वाहन तपासणी संस्था) पास करून घेतलेल्या जाणकारांनी सांगावं. आगाऊ धन्यवाद.


पाचवा_सिलिंडर

आरएस३, डोळे झाकून. १-२-४-५-३ या क्रमाने पेटणारं ते इंजिन १९८० च्या ऑडी क्वात्रोच्या घराण्यातलं आहे, आवाजासाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही. २०१७ पासूनचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे, त्यामुळे पुढचं वजन २६ किलोंनी घटलं. आधीची लोखंडी ब्लॉकवाली ३६७ पीएसची गाडी घेऊ नका, फरक स्टिअरिंगला कळतो.

आणि पुढची पिढी बघा. २०२१ मध्ये ऑडीचा चाचणी चालक फ्रांक स्टिपलरने नवी आरएस३ नॉर्डश्लाइफवर ७ मिनिटं ४०.७४८ सेकंदांत फिरवली होती, ४०० पीएसवर. कॉम्पॅक्ट गाडी आहे म्हणून कमी लेखू नका.

फक्त एक. गिअरबॉक्सची मर्यादा ६०० न्यूटन मीटरची आहे. ट्यूनर पीएस मोठ्या अक्षरात छापतात, टॉर्क बारीक अक्षरात. टॉर्क ६०० च्या आत बांधून द्या असं लिहून घ्या. गाडी जास्त आरपीएमला जोरात पळेल, कमी आरपीएमला जरा कमी खेचेल, पण क्लच टिकेल.


तापमापक

वरच्या प्रतिसादातलं बाकी सगळं मान्य, पण धागाकर्त्याच्या गणितात एक रकाना सुटलाय. पीएस आहे, किलो आहे, अंश सेल्सिअस नाही.

ट्यून केलेली गाडी ५०० पीएस देते हे खरं, पण किती वेळ? टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला थंड करतो. ऑटोबानवर वीस सेकंद पाय दाबला, मग ट्रक आडवा आला, इंटरकूलरला श्वास मिळाला. नॉर्डश्लाइफ २०.८३२ किलोमीटरची आहे. बेर्गव्हेर्कच्या वळणानंतर केसेलखनचा लांब चढ, जवळपास सगळा पूर्ण ॲक्सिलरेटरवर. आत येणारी हवा तापली की संगणक स्पार्कची वेळ मागे घेतो, कारण इंजिन वाचवायचं असतं. तुम्ही पैसे भरलेले शंभर पीएस तिथे शांतपणे कमी होतात आणि मीटरवर काही दिसतही नाही. आर८ ला टर्बोच नाही, दाबून तापवलेली हवाच नाही. त्या व्ही१० ला ड्राय संप आहे, म्हणजे तेल वेगळ्या टाकीत असतं, लांब वळणातही तेलाचा पंप कोरडा पडत नाही. तिचे ५२५ पीएस दुसऱ्या फेरीतही जवळपास ५२५ च असतात.

आता ब्रेक. समजा जास्त ताकदीमुळे श्वेडनक्रॉइत्झनंतर तुम्ही आरेमबेर्गच्या वळणाशी २२० ऐवजी २५० ने पोचलात. वेग जेमतेम १४ टक्क्यांनी वाढला, पण ब्रेकला झिरवावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे २९ टक्के. आणि हे एकदा नाही, प्रत्येक वळणाला. इंजिन ट्यून करणाऱ्याने डिस्क, पॅड, द्रव यांना हात लावलेला नसतो. साध्या डॉट ४ ब्रेक द्रवाचा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पाणी शोषलं की मर्यादा १५५ पर्यंत खाली येते. द्रव उकळला की पेडल जमिनीला टेकतं. कुठे टेकेल ते तुमच्या हातात नसतं.

तिसरी गोष्ट वजनाची वाटणी. आरएस३ चं इंजिन आडवं, पुढच्या ॲक्सलवर, निम्म्याहून बरंच जास्त वजन पुढे. म्हणून तर या गाडीला पुढे मागच्यापेक्षा रुंद टायर देण्याचा पर्याय होता. आर८ मध्ये इंजिन पाठीमागे, चालक आणि मागच्या ॲक्सलच्या मधोमध. हे कुठलाही ट्यूनर बदलून देत नाही. वरचे पैसे मुख्यतः याचेच.

तेव्हा सरळ रेषेत किती जोरात हा प्रश्न असेल तर आरएस३ घ्या आणि जाहिरातीतल्या आकड्यावर खूश राहा. दिवसभरात फेऱ्या मारून त्याच गाडीने घरी यायचं असेल तर आरएस३ घेऊनही इंजिनला हात लावू नका. ते दहा हजार चांगले पॅड, ३०० अंशांच्या वर उकळणारा द्रव, स्टीलच्या वेणीचे ब्रेक होज, टायर आणि प्रशिक्षकासोबतचे दिवस यांवर घाला. उरलेच तर इंटरकूलर, सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी.


शिक्का_मारा

ट्यूफबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इथे भाग विकत घेणं सोपं, तो कागदावर चढवणं कठीण. प्रत्येक भागासोबत त्याच मॉडेलसाठीचा तपासणी अहवाल हवा, मग तपासनीस बसवलेला भाग बघून शिक्का देणार, मग ते गाडीच्या नोंदणीत उतरणार. सॉफ्टवेअरलाही हाच नियम. डाउनपाइप सगळ्यात अवघड, कारण तो धूर आणि आवाज दोन्ही बदलतो. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून टाकलेला पाइप बसवलात तर तो वाहनकरातल्या चोरीचाही मामला होतो, कारण कर उत्सर्जनावरही ठरतो.

न नोंदवता चालवलं तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच रद्द होऊ शकतो. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याचं नुकसान भरते आणि मग तुमच्याकडून ५००० युरोपर्यंत वसूल करू शकते. तुमच्या स्वतःच्या गाडीचं तर विसराच.

शिवाय पॉलिसीत नॉर्डश्लाइफ वगळलेलं आहे का ते आधी वाचा. बहुतेक जण वाचत नाहीत. पर्यटक फेऱ्यांना रस्त्याचेच वाहतूक नियम लागू असतात, उजवीकडून ओव्हरटेक चालत नाही, पण कंपन्या त्याला रेसट्रॅकच धरून अटी घालतात. आणि रेलिंग वाकवलंत तर त्याचं बिल वेगळं.


औंधकर

काय चर्चा आहे राव! इकडे कोथरूडच्या उतारावर सायलेन्सर बदललेली गाडी दिसली तरी मामा बाजूला घेतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही मूळ रचना बदलायची नाही असं बजावलंय. तिकडे निदान शिक्का मारून तरी मिळतो. फोटो टाका, बाकी काही मागणं नाही.


दहा_नळकांडी

आर८ व्ही१० चालवतो, पहिल्या पिढीचीच. त्यामुळे पक्षपाती आहे हे आधीच सांगून टाकतो.

तुमच्या बजेटमध्ये येणारी गाडी बहुधा आर ट्रॉनिक असेल, एका क्लचचा तो गिअरबॉक्स. गावातल्या रहदारीत मान पुढेमागे करून घ्यायची तयारी ठेवा. सात गिअरची एस ट्रॉनिक २०१२ च्या फेसलिफ्टनंतर आली आणि ती तुमच्या आकड्याच्या वर जाते. उघड्या जाळीतला मॅन्युअल गिअर तर हल्ली संग्राहकांनीच पळवलाय. २०२४ मध्ये आर८ चं उत्पादन बंद झालं, त्यामुळे भाव खाली येतील अशी आशा नको.

चुंबकीय द्रवाचे शॉक ॲब्सॉर्बर गळतात. हे या गाडीचं जुनं दुखणं. चारही बदलायचे म्हणजे खर्च हजारांत. सिलिंडरमध्ये थेट इंधन जातं, इनटेकच्या व्हॉल्व्हवरून नाही, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी बसते. ती अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीचा मारा करून काढतात. २०१७ नंतरच्या आरएस३ मध्ये दोन्ही ठिकाणी इंजेक्टर आहेत, तिला हा त्रास तितका नाही.

म्हणून माझा हिशेब असा: ६५ हजारांची आर८ घेणाऱ्याने वर पंधरा हजार बाजूला ठेवावेत. ते नसतील तर आर८ तुमच्यासाठी नाही, कितीही आवडो. गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते, सुट्या भागांची उतरत नाही. नवी असताना दीड लाखाच्या घरात असलेल्या गाडीचे ब्रेक आजही त्याच भावाचे असतात.

आता पक्षपात. ८००० च्या पुढे ते इंजिन जे करतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने येत नाही. याच इंजिनावर लॅम्बोर्गिनीची गायार्डो चालायची. तुम्ही तर हाइलब्रॉनला राहता, नेकार्सुल्म दहा मिनिटांवर, गाडी तिथेच बनायची. कधी या इकडे, एक चक्कर मारू. मग ठरवा. गंमत म्हणजे तुमच्या दोन्ही पर्यायांची इंजिनं हंगेरीतल्या ग्यॉरच्या एकाच कारखान्यातली.


नेकारकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा_नळकांडी, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, चक्कर नक्की मारायची. पण तुमच्याच हिशेबाने आर८ बाद झाली. पंधरा हजार बाजूला ठेवायचे म्हणजे पन्नास-पंचावन्नची आर८ शोधायची, आणि तेवढ्यात मिळणारी गाडी मला नकोय.

तापमापक, तुमचा रकाना पटला. आरएस३ घेतो, निदान पहिलं वर्ष इंजिन स्टॉक, ब्रेक आणि टायर आधी. शिक्का_मारा यांच्या म्हणण्याप्रमाणे पॉलिसी काढून वाचली, नॉर्डश्लाइफ वगळलेलंच आहे. दुसऱ्या कंपन्यांकडे विचारणा सुरू केलीय. बायकोला मागची सीट पसंत आहे, ४०० पीएसबद्दल तिने अजून विचारलेलं नाही.

एक शेवटचं. श्टुटगार्टजवळ एक गाडी सापडलीय, पुढे सिरॅमिक ब्रेक असलेली. विकणारा म्हणतो, डिस्क आयुष्यभर टिकतात. घ्यावी का?


तापमापक

रस्त्यावर टिकतात, ट्रॅकवर नाही. लोखंडी डिस्कची झीज जाडीवर मोजतात, सिरॅमिकची वजनावर. म्हणजे चाक उतरवायचं, डिस्क काढायची, काट्यावर ठेवायची आणि निर्मात्याने दिलेल्या किमान वजनाशी ताडून बघायची. कडेला टवके गेलेत का तेही बघा, टायर बदलताना चाक आपटलं की जातात. नव्या जोडीचा भाव ऑडीच्या काउंटरवर विचारून घ्या आणि तो आकडा डोक्यात ठेवून घासाघीस करा. विकणारा चाक काढू देत नसेल तर साध्या लोखंडी डिस्कवाली शोधा. तुमच्या वापराला तीच बरी, दरवर्षी बदलली तरी परवडते.